हिरवा खर्च ठीक, पण तो पोचणार कधी?

कोविडच्या साथीनंतर अर्थव्यवस्था सावरायला सरकारने द्यायचं सगळं मदत पॅकेज सौर आणि पवनऊर्जेत, म्हणजे 'हिरव्या' कामांत घालावं, असं एक मत आहे. दिशा म्हणून ते पटतं. पण त्यात वेळेचं गणित सुटलंय. मंदीत लोकांच्या हाती पैसा लगेच पडायला हवा. मोठ्या प्रकल्पाची जमीन, परवानग्या आणि ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, जोडणी होईपर्यंत मंदी कदाचित सरलेलीही असेल.

त्यापेक्षा जुन्या इमारतींची ऊर्जागळती थांबवण्याचं काम आधी घ्यावं. त्यात मजुरीचा वाटा मोठा असतो आणि ते काम परदेशी पाठवता येत नाही. अर्थात हेही वाटतं तितकं झटपट होत नाही. अमेरिकेने २००९ मध्ये गरीब कुटुंबांच्या घरांसाठी अशा कामाला सुमारे ५ अब्ज डॉलर दिले आणि मजुरीचे दर ठरेपर्यंत कित्येक राज्यांत काम रखडलं! म्हणजे नियम आणि प्रशिक्षित कारागीर आधीच तयार हवेत.

शिवाय 'हिरवं' कशाला म्हणायचं? दक्षिण कोरियाचं त्याच वर्षीचं पॅकेज हिरवं म्हणून गाजलं, पण त्यातला मोठा हिस्सा चार नद्यांवर बंधारे बांधण्यात आणि गाळ उपसण्यात गेला. विरोधाला पर्यावरणवादीच उभे राहिले. युरोपीय संघाने साथीतून सावरण्यासाठीच्या २०२१ च्या निधीत सदस्य देशांना किमान ३७ टक्के खर्च हवामानासाठी करायची अट घातली. ती मला बरी वाटते, पण उरलेल्या ६३ टक्क्यांचं काय, हे विचारायलाच हवं. विमान कंपन्यांना विनाअट मदत दिली तर एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने गेलंच.