दहा-बारा मुलाखती कधी पुरतात
'दहा-बारा मुलाखतींवरून काय सिद्ध होणार' हा मोजक्या लोकांशी सविस्तर बोलून केलेल्या संशोधनावरचा आक्षेप टक्केवारी काढायची असेल तर मान्यच. पण आपत्ती व्यवस्थापनाचं क्षेत्र घेऊन बघा. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात इशारे मिळूनही अनेक कुटुंबं घरातच थांबली. किती, ते मोजता येतं. का, ते त्यांच्या घराच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसून ऐकावं लागतं. आम्ही ऐकलं तेव्हा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: २००५ ला पाणी इथवर आलं नव्हतं, आणि दावणीची म्हस सोडून जायचं कसं? छापील प्रश्नावलीत म्हशीचा रकाना नसतोच.

आणि मुलाखतींची संख्या मनाला येईल तशी नसते. नवीन काही निघेनासं झालं की थांबतात. जनावरांसह निवाऱ्याची सोय आधीच जाहीर करायला हवी, हे मला त्या बोलण्यांतूनच पटलं.