शब्दचर्चा : ‘सोडलेलं’ मूल की ‘सोपवलेलं’?

माहीमकर :
एका संस्थेसाठी माहितीपत्रकाचा मजकूर मराठीत करतोय. वाचणार कोण, तर नुकतीच बाळंत झालेली आणि बाळ ठेवता येणार नाही असं मनाशी ठरवत आलेली बाई. दोन शब्दांवर गाडी अडली आहे, ‘सरेंडर डीड’ (बाळ दत्तकासाठी देताना सही करायचा दस्त) आणि ‘बायोलॉजिकल मदर’. सध्या ‘हक्कसोडपत्र’ आणि ‘जैविक माता’ लिहिलंय. दुसरा शब्द वाचला की मला गांडूळखत आठवतं. सुचवा.

तळटीप :
‘जैविक पालक’ आता पेपरातल्या जाहीर नोटिशींमुळे रुळलाय, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. जुन्या दस्तांत ‘जनक’ असायचं : जनक पिता, जनक कुटुंब. मनुस्मृतीतही दत्तक गेलेल्याला ‘जनयित्या’चं, म्हणजे जन्म देणाऱ्या बापाचं, गोत्र आणि धन मिळत नाही असं म्हटलंय. पण बघा, हे सगळं बापाबद्दल. ‘जनक आई’ म्हणून पाहा, जिभेला अडखळतं.

शीवची :
माहीमकर, ‘हक्कसोडपत्र’ आधी काढून टाका. मुंबईत हा शब्द ऐकला की चाळीतली खोली आणि दुय्यम निबंधकाचं ऑफिस डोळ्यांपुढे येतं. बहिणीने भावाला लिहून दिलं, सही-अंगठा झाला, विषय संपला. इथे तो संपत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ३५ : मूल सोपवायचं पत्र बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी, कायद्याने नेमलेली समिती) होतं, त्याआधी चौकशी आणि समुपदेशन, आणि सही झाल्यावरही फेरविचाराला दोन महिने. ते उलटल्याशिवाय मूल दत्तकासाठी मोकळं ठरत नाही. ‘हक्क सोडला’ असं वाचून सही केलेल्या बाईचं चाळिसाव्या दिवशी मन फिरलं, तरी ती परत येईल कशाला? आपला काही हक्क उरला नाही असंच धरून चालेल ती.

दुसरं, कायद्यात ‘परित्यक्त’ (टाकून दिलेलं) आणि ‘सोपवलेलं’ या दोन वेगळ्या वर्गवाऱ्या आहेत. फलाटावर सापडलेलं बाळ पहिल्यात. समितीपुढे बसून, नाव सांगून दिलेलं बाळ दुसऱ्यात. बारा वर्षांखालचं मूल उघड्यावर टाकून जाणं हा गुन्हा आहे, सोपवणं ही कायद्यानेच दिलेली वाट. आणि वॉर्डात मात्र आयाबायांपासून शिकल्यासवरल्या लोकांपर्यंत सगळे दोघींना एकच म्हणणार : ‘टाकून गेली.’

कट्टेकरी :
सुपूर्दनामा?

तळटीप :
तो मुद्देमालाचा. पोलीस ठाण्यातून स्कूटर सोडवून आणल्यासारखं वाटेल.

कट्टेकरी :
मग समर्पणपत्र?

शीवची :
समर्पण देवाला. त्यात त्यागाची फोडणी आहे, ती नको. तिच्यापुढे घरभाड्याचा, घरच्यांचा, नवऱ्याचा किंवा नवरा नसण्याचा प्रश्न असतो, आणि आपण वर तिला त्यागमूर्ती करायचं?

बोरिवलीवाला :
जरा अवांतर. ‘दत्तक’ शब्दाचीही आपण धुलाई केली आहे. आमच्या नॅशनल पार्कात बिबट्या वर्षभरासाठी दत्तक मिळतो. पालिकेची ‘दत्तक वस्ती योजना’ होती, ती झाडलोटीची. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६, कलम १५ बघा : रीतसर झालेलं दत्तक पालकांना रद्द करता येत नाही, मुलालाही जन्मघरी परत जाता येत नाही. बिबट्याचं मात्र दर वर्षी नूतनीकरण!

तळटीप :
अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. जुन्या धर्मशास्त्रात एक शब्द होता, ‘द्व्यामुष्यायण’. दोन्ही घरांचा मुलगा : जनकाचाही आणि दत्तक घेणाऱ्याचाही. दोघांचं श्राद्ध करायचा, दोघांकडचा वारसा घ्यायचा. १९५६ च्या कायद्याच्या कलम १२ ने जन्मघराशी नातं तोडलं आणि हा प्रकार संपला. लग्नाचे निषेध तेवढे जन्मघरचे कायम राहिले. म्हणजे नातं नाही, पण तिथल्या बहिणीशी लग्नही नाही.

पारिजात :
मी दत्तक आहे, म्हणून लिहिते. ‘खरी आई’ एवढं कुठेही छापू नका. माझी खरी आई आत्ता स्वयंपाकघरात माझ्या नावाने ओरडतेय.

पण दुसरी नाहीच असंही नाही. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला साखर? बीपी? लहानपणी आई माझ्या वतीने ‘नाही’ सांगायची, आता मी ‘माहीत नाही’ म्हणते आणि डॉक्टर पेन थांबवून बघतात. अठरा पूर्ण झाल्यावर ‘मूळ शोधा’साठी, म्हणजे जन्मदात्यांची माहिती मिळवण्यासाठी, स्वतः अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्यांनी सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती लागते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता वाटतं, तिने ते कुणाच्या तरी भरवशावर सांगितलं होतं. तिच्या घरात आज कदाचित कुणालाच ठाऊक नसेल. मी अर्ज अजून केलेला नाही.

मी तिला ‘जन्मदाती’ म्हणते. ‘जन्मदात्री’ नको, ती भाषणातली.

शीवची :
जन्मदाती उत्तम. पण पत्रक तिलाच उद्देशून आहे ना? मग नाम हवंच कशाला, सरळ ‘तुम्ही’ म्हणा. आणि जिथे अडेल तिथे नुसतं ‘आई’. त्या दोन महिन्यांत तरी दुसरी कुणी आई झालेली नसते.

माहीमकर :
पटलं. मसुदा : ‘बाळ सोपवण्याचं पत्र. सही केल्यावरही दोन महिन्यांच्या आत तुम्ही निर्णय बदलू शकता. तुम्हाला बाळ परत मिळेल.’

शीवची :
शेवटचं वाक्य बदला. समिती चौकशी करून ठरवते, आपण छापील वचन देऊ नये. ‘बाळ तुमच्याकडे ठेवण्याबाबत समिती चौकशी करून निर्णय देईल’ असं करा. लग्नाच्या जोडप्याला दोघांच्या सह्या लागतात, लग्न झालेलं नसेल तर आईची एकटीची पुरते, हेही घाला. बापाला शोधून आणायला लागेल या भीतीनेच कित्येकजणी समितीपर्यंत येत नाहीत. आणि मुदतीची शेवटची तारीख हाताने लिहायला ठळक चौकट ठेवा. ‘दोन महिने’ वाचून कुणी बोटं मोजत बसत नाही.