‘तांत्रिक व व्यावसायिक लेखन’ : नावातले शब्द आणि कामातले शब्द

शिक्षिका, नागपूर

नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी दुसऱ्या वर्षाला हा विषय शिकवते. अभ्यासक्रम इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. पण मुलं काटोल, उमरेड, रामटेक, भंडाऱ्याकडून आलेली. इंटर्नशिपला बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या कारखान्यांत गेली की पाळीची नोंद, फोरमनला द्यायची चिठ्ठी, यंत्रावर चिकटवायची सूचना हे सगळं मराठीत लिहावं लागतं. म्हणून दोन आठवडे मी मराठीसाठी राखून ठेवते.

या सत्रात पहिल्याच दिवशी फळ्यावर विषयाचं मराठी नाव लिहिलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, तांत्रिक म्हणजे तंत्र-मंत्रवाला ना?” वर्ग हसला, पण मुलगा मनापासून विचारत होता. एकाच वर्तमानपत्रात ‘तांत्रिकाला अटक’ असतं आणि ‘तांत्रिक बिघाडामुळे गाडी दोन तास उशिरा’ हेही असतं. दोन्ही ठिकाणी शब्द तोच.

मी त्याला विणकराच्या मागाकडे नेलं. ‘तन्’ म्हणजे ताणणे, त्यावरून ‘तंत्र’. संस्कृतात त्याचा जुना अर्थ माग, मागावर ताणलेले उभे धागे. मागावरून नुकत्याच उतरवलेल्या कोऱ्या कापडाला ‘तन्त्रक’ म्हणतात, अशी नोंद पाणिनीने केली आहे. उभे धागे नीट ताणून घेतले की त्यांवर काहीही विणता येतं. म्हणून पुढे ‘तंत्र’ म्हणजे चौकट, पद्धत, एखाद्या शास्त्राची मांडणी. उपासनेची मांडणी तीही तंत्र, यंत्र चालवण्याची रीत तीही तंत्र. नागपुरात हे समजावणं सोपं जातं. कोष्टी आणि हलबा विणकरांच्या वस्त्या इथे जुन्या, आणि एम्प्रेस मिल १८७७ सालची. वर्गात दोघींच्या घरी आजोबांच्या काळापर्यंत हातमाग होता. एकीने स्वतःहून सांगितलं, “आमच्याकडे ताणा आधी लावत, बाणा मग.” ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. लेख कसा रचायचा हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

‘तांत्रिक’चं माझ्यापुरतं मिटलं. अडलं आहे ते ‘व्यावसायिक’पाशी. प्रोफेशनल, कमर्शियल आणि बिझनेस या तिन्हींसाठी आपण हा एकच शब्द वापरतो. व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा. व्यावसायिक रंगभूमी म्हणजे तिकिटावर चालणारी. व्यावसायिक सिलिंडर म्हणजे हॉटेलातला १९ किलोचा. ‘लघु व्यावसायिक’ तर चक्क माणूस. मग ‘व्यावसायिक लेखन’ वाचून मुलांना वाटतं, पैसे घेऊन लिहिणं. त्यांना शिकायचं आहे ते मागणीपत्र, निविदेला उत्तर, बैठकीचं इतिवृत्त, तक्रार, पोच. याला आपल्याकडे काय म्हणावं?

बुटीबोरीत नोकरी करणारा एक इंजिनिअर

मॅडम, कंपनीत आम्ही ‘टेक्निकल रायटिंग’च म्हणतो. सगळ्यांना समजतं. मराठी नाव शोधायची गरज खरंच आहे का?

शिक्षिका

बोलताना मीही टेक्निकलच म्हणते भाऊ, त्यात वावगं काही नाही. मला नावापेक्षा नावामुळे होणारी समजूत महत्त्वाची वाटते. ‘तांत्रिक लेखन’ म्हटलं की मुलं जड शब्द शोधायला लागतात. ‘पंप बिघडला’ असं लिहिणारा मुलगा ‘पंपामध्ये बिघाड उद्भवल्याचे निदर्शनास आले’ असं लिहितो आणि पाच शब्दांत काही नवीन सांगत नाही.

नागपूरच्या महाल भागातले एक निवृत्त लेखनिक

ताई, माझी ३४ वर्षे सरकारी कार्यालयात गेली, त्यातली ११ बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदींच्या शाखेत. त्या अनुभवावर लिहितो.

‘व्यवसाय’ हा शब्द तुमच्या कामाचा नाही. त्याचा मूळ अर्थ निश्चय. गीतेत ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ आहे, तिचा दुकानाशी संबंध नाही. ‘व्यापार’ म्हणजे संस्कृतात कोणतीही हालचाल, क्रिया. ‘धंदा’ चांगला शब्द, पण सुटा लिहिला तर लोक नाक मुरडतात, ‘कामधंदा’ म्हटला की तोच घरचा होतो. तुम्हाला हवा आहे तो ‘व्यवहार’. देणेघेणे त्यात आले, दोन माणसांतले वागणे आले, आणि धर्मशास्त्रात कोर्टकज्जालाही ‘व्यवहार’च म्हटले आहे. पत्राला पत्र जाते तो पत्रव्यवहार. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून करवून घेतला तोही ‘राज्यव्यवहारकोश’. विद्यापीठांत ‘व्यावहारिक मराठी’ असते, बारावीच्या पुस्तकात ‘उपयोजित मराठी’. मला पहिले जवळचे वाटते.

आता कामातल्या शब्दांविषयी, कारण माझा जीव तिथे आहे. राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कचेरीत काही शब्द राहिलेच, आणि ते राहिले याचा मला आनंद आहे. ‘मसुदा’ घ्या. अरबीत मूळ अर्थ ‘काळा केलेला’. आपणही लिहिण्याला ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतो. खाडाखोड करून काळा झालेला कागद तो मसुदा, त्यावरून स्वच्छ प्रत. मुले आज पहिलाच कागद स्वच्छ छापून आणतात, मग त्यात सुधारायला हात धजत नाही.

‘अहवाल’ हे अरबीत ‘हाल’चे अनेकवचन. हाल म्हणजे स्थिती. मराठीत हाल झाले की ते सोसायचे असतात, अहवाल मात्र सादर करायचा असतो, दोन्ही एकाच घरचे. अहवालात काय असावे हे शब्दच सांगतो : जी स्थिती होती ती, एकामागून एक. ‘गोषवारा’त फारसी ‘गोश’ म्हणजे कान आहे. मूळ शब्दाला दोन अर्थ, कानातला लोंबता दागिना आणि हिशेबाचा सारांश. मोठ्या फाईलला लटकवलेले छोटे पान मी नेहमी तसेच पाहत आलो. साहेब आधी तेच वाचत.

आमच्या नागपूरचे एक सांगतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होते. कचेरीत हिंदी आणि मराठी दोन्ही. स्वातंत्र्यानंतर डॉ. रघुवीर इथेच राहून संस्कृतावरून नवी परिभाषा घडवत होते. माझे वडील त्या काळात सचिवालयात होते. ते सांगत, नवा शब्द आला की वरच्या मजल्यावर टाइप होई आणि खालच्या मजल्यावर त्याच्या शेजारी कंसात जुना लिहावा लागे. महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, ‘राजभाषा अधिनियम, १९६४’ झाला, मराठी पदनामे, वाक्प्रयोग, कोश आले. ‘इतिवृत्त’, ‘ज्ञापन’, ‘परिपत्रक’ आम्ही त्यांतूनच शिकलो.

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

काका, ‘सदर’ म्हणजे ‘हा’ ना? मी नागपूरच्या सदर भागातच राहते, म्हणून घरी सगळे विचारतात. माझ्या अहवालात मॅडमनी नऊ वेळा खोडला.

निवृत्त लेखनिक

नाही बेटा. मूळ शब्द छाती, पुढचा भाग, मानाची जागा. वाड्यात समोर बसायची जागा ती सदर, छावणीचा मुख्य बाजार तो सदर बाजार, तुझी वस्तीही त्यातलीच. कागदाच्या माथ्यावर लिहिलेला विषय हाही सदर. म्हणून ‘सदर अर्ज’ म्हणजे वर माथ्यावर ज्याचा उल्लेख आला तो अर्ज. वर उल्लेखच नसेल तर सदर कशाचे? ‘मजकूर’ही तसाच, मूळ अर्थ ‘उल्लेखिलेला’. ‘मजकूर इसम’ म्हणजे आधी सांगितलेला इसम.

शिक्षिका

काकांनी सांगितलं तेवढ्यापुरता मला ‘सदर’ मान्य आहे. तिच्या अहवालात होतं, ‘सदर यंत्रातील सदर बिघाड सदर विभागास कळविण्यात आला.’ यंत्र तीन होती. कोणतं? लेथ क्रमांक २ असं लिहिलं की सदर आपोआप गळतो.

आता मला हवं ते. ‘कळविण्यात आला’ या क्रियापदाला कर्ता नाही. कोणी कळवलं? कोणाला? फोनवर की लेखी? ‘आपणांस कळविण्यात येते की’ या सुरुवातीला मुलं सुरक्षित समजतात, कारण कर्ता लपतो. सरकारी पत्रात कार्यालय बोलतं, व्यक्ती नाही, तिथे ते चालतं. कारखान्यात रात्रपाळीच्या माणसाला फोन कोणाला करायचा हे माहीत हवं.

इंजिनिअर

मॅडम, सूचना लिहिताना आमच्याकडे वाद होतो. झडप बंद करा, बंद करावी, की बंद करणे? तिन्ही फलकांवर दिसतात.

शिक्षिका

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते.

‘करणे’ हे आदेशाच्या कागदातलं. ‘खात्री करणे’, ‘नोंद घेणे’. यादी केल्यासारखं वाटतं, कोणी करायचं ते कळत नाही. ‘करावी’ हा विध्यर्थ. शाळेतल्या व्याकरणात त्याला कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा असे सगळे अर्थ दिलेले आहेत. ‘मुलांनी वडिलांचं ऐकावं’ हे कर्तव्य, ‘पाऊस यावा’ ही इच्छा. ‘झडप बंद करावी’ वाचणाऱ्याला वाटू शकतं, केली तर बरं. हात कापण्याची शक्यता असेल तिथे एवढी मोकळीक ठेवू नये. ‘करा’ म्हणजे करा. त्यात उद्धटपणा नाही, आदरार्थी रूपच आहे ते. ‘कृपया’ जोडायचं तर विनंतीच्या पत्रात जोडावं, पात्याजवळ नको.

दुसरं, मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याचा विचार करा. ‘झाकण उघडा, पण त्याआधी मेन स्विच बंद करा’ या वाक्यात ‘उघडा’ वाचताच हात गेलेला असतो. मराठीपाशी यावर जुना उपाय आहे, तो म्हणजे क्रियापदाला लागणारा ‘ऊन’ हा प्रत्यय. ‘मेन स्विच बंद करून झाकण उघडा.’ जे आधी घडायचं ते आधी. इंग्रजीतून उतरवलेल्या सूचनांत हे ‘ऊन’ हरवतं. पण त्याचाही एक तोटा आहे. ‘बंद करून’ वाक्यात दबून जातं, नजर शेवटच्या ‘उघडा’वर जाते. म्हणून धोका असेल तिथे मी दोन वाक्यं करायला लावते. ‘मेन स्विच बंद करा. पातं थांबेपर्यंत थांबा. झाकण उघडा.’

आणि याच ‘ऊन’ची आपल्याकडची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा एक विद्यार्थी एका कारखान्यात प्रशिक्षणाला होता. दुपारच्या पाळीत त्याने नोंदवहीत लिहिलं, ‘कूलिंग टॉवरचा पंप बंद पडून राहिला.’ तुम्ही-आम्ही नागपूरकरांनी वाचलं तर लगेच कळतं, पंप सारखा बंद पडतो आहे. तो खाऊन राहिला, ती येऊन राहिली, तसंच. पुढच्या पाळीचा माणूस कोल्हापूरकडचा. त्याने वाचलं, पंप बंद पडला आणि तसाच पडून आहे. म्हणजे लाइनमध्ये दाब नाही. त्याने खात्री न करता जोड सैल केला आणि पाण्याचा फवारा थेट अंगावर. नशिबाने पाणी गार होतं. तपासायची जबाबदारी त्याचीही होतीच, पण नोंद लिहिणाऱ्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने एकही शब्द चुकीचा लिहिला नव्हता.

आपल्या बोलीला मी नावं ठेवणार नाही. ‘करून राहिला’मध्ये काम चालू असल्याचा जो ठोस अर्थ आहे तो मला फार आवडतो, घरी मी तसंच बोलते. पण नोंदवही वाचणारा कुठला असेल हे लिहिताना माहीत नसतं. आम्ही ते वाक्य वर्गात पुन्हा लिहिलं. ‘दुपारी २ ते ४ या वेळात कूलिंग टॉवरचा पंप ३ वेळा बंद पडला. दर वेळी स्टार्टर दाबल्यावर चालू झाला. ४ वाजता चालू स्थितीत सोडला.’ शेवटचं वाक्य त्या मुलानेच सुचवलं. राहिला, पडून, सारखा, काही नाही. वेळ, आकडा, आणि सोडताना काय स्थिती होती. काका म्हणाले तसा हा ‘हाल’च.

निवृत्त लेखनिक

वाचून समाधान झाले. जुन्या पत्रांचा शेवट ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ असा असे. वाचणारा ओळखीचा असे म्हणून ते शोभे. नोंदवहीत वाचणारा सुज्ञ असला तरी अनोळखी.

नावाचे काय ठरले?

शिक्षिका

परीक्षेच्या कागदावर विद्यापीठाचं नाव राहील, ते माझ्या हातात नाही. वर्गात मी ‘व्यवहारलेखन’ वापरून पाहते. विद्यार्थिनींपैकी एकीने ‘कामाचं लिहिणं’ असं वहीवर लिहिलंय, तेही मी खोडलेलं नाही.

काका, बारनिशीतली जुनी आवक-जावक वही किंवा पोच घेतलेला एखादा कागद तुमच्याकडे असेल तर बुधवारी वर्गात घेऊन याल का? नावं झाकून दाखवू. दुसरा तास आहे, साडेअकराचा.

निवृत्त लेखनिक

मसुद्याची एक खाडाखोड केलेली प्रत आहे, माझ्याच हातची. ती आणतो.