पर्वरी, सोसायटी ग्रुप: ‘पाय दाबला तरी गाडी विचारच करते’

सी-४०१, सकाळी ८.१२
सर्वांना नमस्कार. आज सकाळी गेटवरच्या चढावर जे घडले ते बी विंगमधल्या काही जणांनी बाल्कनीतून पाहिले आहे, त्यामुळे ते इथे तिखटमीठ लावून सांगितले जाण्याआधी मीच लिहितो. रबरी गतिरोधकापाशी गाडी जवळजवळ थांबली, महामार्गावर मोकळी जागा दिसली म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी जागची हलली नाही. आरपीएमचा काटा बाराशेच्या आसपास घुटमळत राहिला, समोरच्या पडद्यावर ‘डी ३’चे ‘डी १’, म्हणजे तिसऱ्या गिअरचा पहिला, होईपर्यंत मी नुसता बसून होतो, आणि मग गाडीने एकदम अशी उसळी घेतली की माझे डोके मागे आपटले आणि येणाऱ्या कदंब बसच्या चालकाने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. उड्डाणपुलाच्या कामामुळे आधीच रस्ता अरुंद झालेला असताना हे दोन सेकंद काय असतात, ते त्या जागी बसल्याशिवाय कळत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी कॉफी मिळते आणि ‘सर, हा या गाडीचा स्वभावच आहे’ एवढे उत्तर मिळते. ऑटोमॅटिक गाड्या चालवणारे या ग्रुपवर बरेच जण आहेत. आणखी कोणाला हा अनुभव आहे का?

बी-२०३, ८.१९
तिखटमीठ लावण्याची आमची इच्छा नाही. मात्र गाडीने उसळी घेतली तेव्हा माझा नातू गेटच्या आत सायकल धरून उभा होता, हेही आपण लिहायला हवे होते.

सी-४०१, ८.२१
काकी, तो गाडीच्या मागे होता आणि गाडी पुढे गेली.

बी-२०३, ८.२१
आज पुढे गेली.

ए-१०२, ८.२६
गिअरबॉक्सचे तेल बदलले आहे का? गाडीवाले ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणून सांगतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनंतर तेल बदलावे. मी खाणीवर डंपरांच्या देखभालीत उभी नोकरी केली आहे. तेल जुने झाले की गिअर पडताना आधी उशीर होतो आणि मग धक्का बसतो. यात नवल काहीच नाही.

सी-४०१, ८.२९
काका, गाडी अजून तेवढी चाललेलीच नाही. शोरूममधून बाहेर काढली त्या आठवड्यापासून हे असेच आहे.

बी-५०२, ८.३४
भाऊ, कोपऱ्यावर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, उभे असतात. मागच्या सीटवर बसावे आणि पणजीला उतरावे. त्यांच्याकडे मध्येच विचार करणारा संगणक नाही, आणि कॉफीवर वेळही जात नाही.

सी-४०१, ८.३५
हसण्यासारखे असते तर मीही हसलो असतो.

बी-५०१ (डॉक्टर), ९.०५
ओपीडी सुरू होण्याआधी थोडे लिहितो, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहोत. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या माध्यमातून जोडलेले असतात, म्हणून ब्रेकवरचा पाय काढला की गाडी आपोआप पुढे सरकू लागते आणि चढावर थोडा तरी जोर धरून ठेवते. दोन क्लचच्या गाडीत एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर असतात आणि दुसऱ्यावर २, ४, ६. एक गिअर चालू असताना संगणक पुढचा गिअर अंदाजाने आधीच लावून ठेवतो. अंदाज बरोबर आला तर गिअर बदललेला कळतही नाही. अंदाज चुकला, म्हणजे तुम्ही थांबणार असे धरून तो बसलेला असताना तुम्ही अचानक पाय दाबला, तर लावलेला गिअर सोडायचा, दुसरा लावायचा आणि क्लच जळू नये म्हणून तो हळूहळू पकडायचा, एवढी कामे उरकेपर्यंत गाडी थबकते. गतिरोधकावरून आठ-दहाच्या वेगाने सरकत जाणे ही त्या संगणकासाठी सर्वांत अवघड अवस्था आहे. त्यात कमी फेऱ्यांवर टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही, त्यामुळे इंजिनाचा जोरही उशिरा येतो. शिवाय आताच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नसते. पाय केवळ विनंती करतो, निर्णय संगणक घेतो, आणि त्याला इंधन वाचवण्याची आणि धूर कमी ठेवण्याची सक्त शिकवण दिलेली असते. भाऊ, आपली गाडी यांपैकी कोणती?

सी-४०१, ९.०८
दोन क्लचची. हे मला सर्व्हिस सेंटरमध्ये आजवर कोणीही इतक्या स्पष्टपणे सांगितलेले नाही.

ए-१०२, ९.१०
दोन क्लचच्या गाडीतही क्लच तेलात बुडालेले असतील तर तेल बदलावेच लागते. ८.२६चा संदेश पाहावा.

सी-२०२, ९.३१
माझी गाडी दुसऱ्या कंपनीची असली तरी रोग हाच होता. प्रोग्रॅमिंग नवे करून घेतल्यावर त्रास निम्म्यावर आला, पूर्ण गेला नाही. सध्या मी एवढे करते: गाडी सुरू केल्यावर सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय आधी बंद करते, आणि आपल्या गेटपाशी स्टिअरिंगच्या मागची डावी पट्टी ओढून पहिला गिअर स्वतः लावून घेते, म्हणजे संगणकाला अंदाज बांधायला जागाच उरत नाही. स्पोर्ट मोडनेही फरक पडतो, पण पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. आणखी एक गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरने तोलून धरू नका, ब्रेकने धरा. दोन क्लचच्या गाडीत त्याने क्लच तापतो आणि मग ती खरोखरच बिघडते. दोन क्लचच नसलेल्या गाडीलाही हा दोष सुटलेला नाही. अमेरिकेत २००४ च्या लेक्सस ईएस ३३० च्या मालकांनी हीच तक्रार केली होती. तिचा गिअरबॉक्स साधा पाच गिअरांचा, टॉर्क कन्व्हर्टरचा होता, आणि कंपनीने संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलण्यासाठी सर्व्हिस बुलेटिन काढले होते.

सी-४०१, ९.३४
वहिनी, मनापासून आभार. पण एवढी किंमत मोजल्यावर गिअर मलाच टाकायचा असेल तर माझी जुनी गाडी काय वाईट होती?

सी-३०३, ९.४०
प्रश्न गाडीचा जितका आहे तितकाच त्या गतिरोधकाचा आहे. चढाच्या तोंडाशी, म्हणजे जिथे गाडीला वेग लागतो नेमक्या त्याच जागी तो बसवण्याची कल्पना कोणाची होती, हे सर्वांना ठाऊक आहे. मी नाव घेत नाही.

सचिव, ९.४६
नाव घेण्यास हरकत नाही. गतिरोधकाचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला होता, आणि आपण त्या सभेला उपस्थित नव्हता. सायकलच्या त्या प्रकरणानंतर समितीवर कोणी कसा दबाव आणला, हेही सर्वांना ठाऊक आहे.

बी-२०३, ९.४८
दबाव हा शब्द मागे घ्यावा. मुलाच्या गुडघ्याला टाके पडले होते. आणि गतिरोधक हलवला तर हीच गाडी तिथून धक्का न खाता, पण दुप्पट वेगाने जाईल, याची हमी कोण घेणार?

बी-५०२, ९.५०
डॉक्टरबाब, संगणकाला इंधन वाचवण्याची शिकवण देता येते, तर सभेला वेळेवर येण्याची शिकवण समितीला देता येईल का?

ए-३०४ (वकील), १०.२२
विषय भरकटण्याआधी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. ‘स्वभाव आहे’ हे उत्तर तोंडी आहे तोपर्यंत त्याला काहीही किंमत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियात तिथल्या न्यायालयाने फोर्ड कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ते प्रकरणही दोन क्लचच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचे होते. दंड झाला तो तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीबद्दल, कारण दोष ठाऊक असूनही ग्राहकांना ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असे होते’ असे सांगून वाटेला लावले जात होते. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण या सगळ्याला आधार लागतो तो जॉब कार्डाचा, म्हणजे सर्व्हिस सेंटर आपली तक्रार आणि केलेले काम लिहून देते त्या कागदाचा. भाऊ, आपल्या जॉब कार्डावर काय लिहिले आहे?

सी-४०१, १०.३७
आताच काढून पाहिले. माझी तक्रार त्यांनी ‘पिकअप कमी’ एवढ्या दोन शब्दांत लिहिली आहे, खाली ‘एअर फिल्टर साफ केला’ आणि त्याखाली ‘दोष आढळला नाही’. मागच्या कार्डावरही तेच शब्द आहेत. आणि साहेब, आयोगाचे विचाराल तर माझे प्रकरण राज्य आयोगाकडे जाईल.

बी-५०२, १०.३८
किंमत समजली. अभिनंदन.

ए-३०४ (वकील), १०.४१
असे ग्रुपवर लिहू नये. असो. ‘पिकअप कमी’ ही आपली तक्रार नाही, म्हणून त्यांना दोष सापडला नाही. मेकॅनिकने थंड गाडी सपाट रस्त्यावर पळवली असणार आणि गाडी छान पळाली असणार.

बी-५०१ (डॉक्टर), १.१५
वकीलसाहेबांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. ‘पोटात दुखते’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णाला मी अँटासिड देतो, त्यातला हा प्रकार आहे. तक्रार अशी लिहून द्या की, इंजिन तापलेले असताना, ब्रेक लावून वेग १० किलोमीटरच्या खाली आल्यावर, गाडी पूर्ण न थांबता चढावर अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबला असता सुमारे दोन सेकंद गाडी ओढ घेत नाही, आरपीएम बाराशेवर राहतो, आणि नंतर धक्क्याने पहिला गिअर पडतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून आपल्याच गेटवर हे दाखवा. क्लचच्या पकडबिंदूंची संगणकातली नोंद पुसून ती पुन्हा शिकवण्याची प्रक्रिया, जिला ते अ‍ॅडॅप्टेशन म्हणतात, केली का आणि प्रोग्रॅमिंगची नवी आवृत्ती आली आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर ‘स्वभाव आहे’ असेच आले तर तेही त्यांच्याकडून लेखी घ्या.

ए-१०२, १.२०
तिसरा प्रश्न तेलाचा विचारावा. ८.२६ आणि ९.१०चे संदेश पाहावेत.

सी-४०१, १.२४
काका, विचारतो. आपल्या नावानेच विचारतो.

सी-४०१, ४.५०
कळवण्यास बरे वाटते की अ‍ॅडव्हायझर उद्या सकाळी साडेसातला इथे येण्यास तयार झाला आहे. ‘राज्य आयोग’ हे शब्द कानावर पडल्यावर कॉफीचा विषय निघाला नाही. गाडी तापावी म्हणून मी त्याआधी गिरीपर्यंत एक फेरी मारून येईन, आणि त्यानंतर गेटवर गाडी काही वेळा पुढे-मागे होईल. त्या वेळेत मुलांना गेटपाशी येऊ देऊ नये, अशी सर्वांना विनंती आहे.

बी-२०३, ४.५८
साडेसात हीच मुलांच्या शाळेच्या बसची वेळ आहे, हे आपणांस ठाऊक असावे.

सी-४०१, ५.०१
मग आठ वाजता, काकी.

सी-३०३, ५.१०
वॉचमनला सांगून त्या वेळेपुरता गतिरोधक उचलून ठेवता येईल का? म्हणजे गाडीचा दोष किती आणि गतिरोधकाचा किती, हेही एकदा स्पष्ट होईल.

बी-५०१ (डॉक्टर), ५.१४
उचलू नये. दोष जिथे दिसतो तिथेच तो दाखवायचा आहे.

सचिव, ५.३०
गतिरोधक बोल्टने बसवलेला आहे, तो कोणीही परस्पर काढू नये. त्याची जागा बदलण्याचा विषय रविवारच्या सभेत घेतला आहे.

सी-३०३, ५.३२
मागच्या सभेतही घेतला होता. कोरम नव्हता.