मदत हवी आहे: छातीत दुखू लागल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत काय करावं?

आईवडील तालुक्याच्या गावी एकटेच असतात, दोघंही पासष्टीच्या पुढचे. वडिलांना मधुमेह आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अँजिओप्लास्टीची सोय ९० किलोमीटरवर. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा, जोरात खोका' असं फिरतंय. घरात नेमकं काय ठेवायचं, किती द्यायचं?

प्रतिसाद १
पहिलं काम १०८ ला फोन. 'पित्त असेल, थोडं थांबू' यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नाही, असं मुळीच नसतं. मधुमेहींना तर कधीकधी दुखतही नाही: नुसती धाप, घाम, मळमळ, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा.

घरात अ‍ॅस्पिरिन ठेवा. ३०० ते ३२५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण डिस्प्रिनची एक गोळी किंवा इकोस्प्रिन ७५ च्या चार. इकोस्प्रिनवर आवरण असतं, अख्खी गिळली तर ती उशिरा विरघळते. म्हणून चावूनच खायची. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, त्याने उठणारा दमा, चालू रक्तस्राव किंवा बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं असेल तर देऊ नका. पाठीत फाटल्यासारखी अचानक कळ आली तरीही नाही. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफिनॅक याला पर्याय नाहीत.

पाठीला उशी, गुडघे वाकवून अर्धवट बसवा. खायला काही नको.

प्रतिसाद २
सॉर्बिट्रेटबद्दल: ही गोळी हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवत नाही, रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब खाली आणते. वरचा दाब ९० च्या खाली असेल किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा), ४८ तासांत टाडालाफिल (तशीच लैंगिक ताकदीची गोळी) घेतलं असेल, तर ती घातक ठरू शकते. डॉक्टरांनी त्याच माणसासाठी लिहून दिली असेल तरच द्यावी. खोकण्याचा उपाय सोडून द्या, त्याने झटका थांबत नाही.

जिना चालत उतरू देऊ नका. हात नसलेल्या घट्ट खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणा. दुचाकीवर नेऊ नका.

९० किलोमीटरसाठी आजच एक काम करा. जवळच्या रुग्णालयांना विचारून ठेवा: रात्री ईसीजी होतो का, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का? निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर ते इंजेक्शन आधी जवळच देऊन पुढे पाठवतात.

प्रतिसाद ३
हे राहिलं: माणूस कोसळला, प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसती घरघर आहे, तर ती घरघर श्वास समजू नका. जमिनीवर उताणा झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. पलंगावर गादी दबते, छाती नाही. दुसरा माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी हात बदला, कारण दमलेल्या हाताने खोली कमी होते आणि ते लक्षातही येत नाही.