नाताळची टर्की, घरचा छोटा ओटीजी (विजेचा ओव्हन)

विश्रामबागची आई: लेक-जावई अमेरिकेहून येतायत, टर्कीच हवी म्हणे. गोठवलेली 5 किलोची मिळतेय. धांदल कशी टाळू?

मिरजकर ताई: आधी फ्रिजमध्ये जागा करा. दर 2 किलोला एक दिवस, म्हणजे अडीच दिवस तिथंच बर्फ सुटू द्या, ओट्यावर नको. मांडी-छाती वेगळी करून आदल्या रात्री मीठ चोळा. अख्खी भाजली तर मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते, आणि ओटीजीत मावायचीही नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर हाडाला न टेकवता मांसात खुपसा. 74 अंश सेल्सिअस झाले की बाहेर. फोटोसाठी अख्खी मांडायचा हट्ट सोडा!

सातारकर: गावरान कोंबडा करा की!

विश्रामबागची आई: तो 31ला, दादा. टर्कीसोबत अख्खा मसूर ठेवते, जावयाला आवडतो.