उत्तर: चकती नुसती वयाने झिजते का?
वर एकांनी लिहिलंय की दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) म्हणजे गाडीचा टायर, वापरून झिजणारच. मला नाही पटत, टायरमध्ये जिवंत पेशी नसतात ना! ऑपरेशनमध्ये काढलेल्या माणसाच्या चकतीतल्या पेशी लॅबमध्ये वाढवतात आणि त्यांच्यावर इंटरल्युकिन-१ बीटा किंवा टीएनएफ-अल्फा टाकतात, म्हणजे सूज आली की शरीर जे सोडतं तेच, की मग एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि काही तासांत जीन्सचा नूरच पालटतो. अ‍ॅग्रिकन आणि टाइप २ कोलॅजन या चकतीच्या गाभ्यातल्या प्रोटीन्सची जीन्स मंदावतात, उलट एमएमपी-३, एमएमपी-१३, अ‍ॅडॅमटीएस-४ अशी हीच प्रोटीन्स कातरणारी एन्झाइम्स बनवणारी जीन्स जोरात सुटतात. चकतीत पाणी धरून ठेवतं ते अ‍ॅग्रिकनच, तेच कातरलं गेलं की गाभा सुकणार. त्यात या पेशी स्वतःच आयएल-६, आयएल-८ ही सूज वाढवणारी रसायनं आणि मज्जातंतूंना आत ओढणारा एनजीएफसुद्धा बनवायला लागतात, म्हणजे आगीत सरपण घरातलंच. शिवाय आत रक्तवाहिन्या जवळपास नाहीतच, डागडुजीला माल पोचणार कुठून?

आईच्या एमआरआयमध्ये बाकीच्या चकत्या पांढरट आणि कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) एकटी काळी दिसत होती, डॉक्टर बोट ठेवून म्हणाले, इथलं पाणी आटलंय.